मीटर काय मोजतो?

वसई-विरारमध्ये घर बघायला आलेलं कुटुंब हॉल केवढा आणि गॅलरी कुठल्या दिशेला हे नंतर पाहतं. आधी विचारतं ते पाण्याचं. किती वेळ येतं, टँकर मागवावा लागतो का, बोअर आहे का? या प्रश्नांमागे इथला तीस-चाळीस वर्षांचा इतिहास आहे. पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांना विहिरी होत्या, बावखलं म्हणजे छोटी तळी होती. केळी, पानवेली आणि फुलं त्यांच्या पाण्यावर पिकत. मुंबईत घर न परवडणारी माणसं लोकलच्या मार्गाने इकडे आली, इमारती उभ्या राहिल्या आणि वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरमध्ये भरून जाऊ लागलं. समुद्र आणि खाडी इतक्या जवळ असताना गोडं पाणी बेसुमार उपसलं की त्याच्या जागी जमिनीखालून खारं पाणी आत सरकतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांच्या आंदोलनात हा उपसा हा मोठा मुद्दा होता. २००९ साली चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती आणि सूर्या प्रकल्पाचं धामणी धरण, उसगाव आणि पेल्हार यांच्या पाण्यावर एवढ्या माणसांची तहान भागवायची होती.

त्यामुळे इथल्या कितीतरी सोसायट्यांच्या तळटाकीत तीन प्रकारचं पाणी एकत्र येतं: पालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं. आज कशाचा वाटा किती, हे वॉचमनलाही नेमकं सांगता येत नाही. आपल्या घरात येणारं पाणी नक्की कसलं आहे याचा भरवसा नसला की माणूस यंत्राचा भरवसा शोधतो, आणि तो विकायला दारात कोणीतरी उभा असतोच. ही पुस्तिका त्या यंत्रांविषयी आहे. त्यांच्या नावाने जे दावे केले जातात त्यांतलं विज्ञान किती आणि विक्रीचा आवेश किती, हे वाचणाऱ्याला स्वतः पडताळता यावं म्हणून ती लिहिली आहे. मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. माझ्या विषयातल्या अगदी साध्या प्रयोगांचा वापर लोकांना घाबरवण्यासाठी होताना पाहिला की मला मनापासून वाईट वाटतं. प्रस्तावना लिहायला मी लगेच होकार दिला तो त्यामुळेच.

घाबरवण्याचा तो प्रयोग आधी सविस्तर सांगतो. विक्रेता स्वयंपाकघरात येतो, दोन ग्लास मागून घेतो. एकात नळाचं पाणी भरतो, दुसऱ्यात आपल्या यंत्रातलं. मग पिशवीतून चार कांड्या लावलेली एक डबी काढून ती दोन्ही ग्लासांवर आडवी ठेवतो, म्हणजे प्रत्येक ग्लासात दोन-दोन कांड्या बुडतात. वायर प्लगला लावली की मिनिटाभरात नळाच्या पाण्यात बुडबुडे येतात, पाणी पिवळट होतं, मग हिरवट-तपकिरी, आणि वर गाळाचा जाडसर थर जमतो. शेजारच्या ग्लासातलं पाणी मात्र जवळपास होतं तसंच. "काकू, हेच पाणी मुलांना देता ना तुम्ही?" एवढंच तो विचारतो. घरातली बाई त्या ग्लासाकडे बघत राहते आणि पुढचं काम आपोआप होतं.

तो गाळ पाण्यात नव्हता. प्रत्येक ग्लासातल्या दोन कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. वीज वाहू लागली की लोखंड विरघळून पाण्यात उतरतं आणि तिथे त्याचा गंजासारखा गाळ तयार होतो. डबी उचलून पाहिली तर ती कांडी झिजून खडबडीत झालेली दिसते. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. नळाच्या पाण्यात ते असतात, म्हणून कांडी भराभर विरघळते. यंत्राने क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जेमतेम वाहते, म्हणून तिथे काही होत नाही. विक्रेत्याला एकच विनंती करावी. "दादा, आता तुमच्या यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा करून दाखवा." ज्या मिठाशिवाय आपली आमटी होत नाही, त्याच मिठाने तो स्वच्छ ग्लास पहिल्यासारखाच गढूळ होतो. माझ्या विद्यार्थ्यांना विद्युत अपघटन शिकवताना याहून चांगला प्रयोग मला सापडला नसता. दुःख एवढंच की तो वर्गात होत नाही.

कांड्यांचं नाटक अलीकडे थोडं कमी झालंय. त्याची जागा पेनाएवढ्या मीटरने घेतली आहे. तो पाण्यात बुडवला की आकडा येतो, आणि आकडा आला की वाद संपतो असं आपल्याला वाटतं. टीडीएस म्हणजे एक लिटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांचं मिलिग्रॅममधलं वजन. पण हा मीटर वजन करतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते तो मोजतो, त्या मापाला एका ठरावीक गुणकाने गुणतो आणि उत्तर टीडीएस म्हणून दाखवतो. ग्लासभर पाण्यात दोन चमचे साखर ढवळा, आकडा जागचा फारसा हलणार नाही, कारण साखर वीज वाहून नेत नाही. चिमूटभर मीठ टाका, आकडा उडी मारेल. शहाळ्याच्या पाण्यात मीटर बुडवला तर तो हजारांच्या घरात जाईल. आजारी माणसाला आपण तेच पाणी प्यायला देतो. उलट, कावीळ, टायफॉइड किंवा कॉलरा ज्यांच्यामुळे होतो ते जंतू लाखोंनी असले तरी मीटरला त्यांचा पत्ता लागत नाही. शिशाची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ती दहा पटींनी ओलांडली तरी मीटरवरच्या शेवटच्या आकड्यातही फरक दिसणार नाही. बाजारातून आणलेल्या पिशवीचं वजन करून आतली भाजी ताजी की सडकी हे ठरवावं, तसं हे आहे. वजन खरं असतं. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

या पुस्तिकेतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं म्हणणं हेच. विज्ञानाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीत सरळसरळ खोटं बोललेलं क्वचितच असतं. आकडा खरा असतो, प्रयोग डोळ्यांसमोर झालेला असतो, कधी कधी प्रमाणपत्रही अस्सल असतं. फक्त एका गोष्टीचं माप दुसऱ्याच गोष्टीचा पुरावा म्हणून पुढे केलेलं असतं. क्षार किती हे मोजायचं आणि पाणी आरोग्याला घातक आहे असं सांगायचं.

यावरून २००६ सालचा माहीमचा प्रसंग आठवतो. १८ ऑगस्टला माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि रात्रीतून हजारो माणसं ते पाणी प्यायला, बाटल्या भरून न्यायला लोटली. पावसाळ्यात मिठी नदीतून आलेलं गोडं पाणी खाडीच्या तोंडाशी समुद्राच्या पाण्यावर पसरलं होतं, असं स्पष्टीकरण पवईच्या आयआयटीतल्या भूशास्त्रज्ञांनी दिलं. पाण्याचा खारटपणा खरोखरच कमी झाला होता. त्या दिवशी कोणी मीटर घेऊन गेलं असतं तर आकडा समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी खाली आला असता. पण ती मिठी नदी होती, शहरभराचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण वाहून आणणारी. लोकांच्या जिभेने क्षार बरोबर ओळखले होते. जंतू ओळखायला जीभ असमर्थ असते, आणि मीटरही.

मग मानक काय सांगतं? भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही. चवीच्या दृष्टीने ६०० च्या आत चांगलं आणि १००० च्या वर नकोसं, एवढंच ती म्हणते. जंतूंच्या बाबतीत आपलं मानक तडजोड करत नाही. १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू अजिबात सापडता कामा नये. विक्रेत्याच्या रंगीत कार्डावर मात्र ५० ते १५० ला 'उत्तम' आणि ३०० च्या वर लाल पट्टा असतो. हे कार्ड कोणत्या मानकावरून काढलं, असं विचारून पाहावं.

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच आग्रहाने मांडली पाहिजे. आरओ, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस, ही थाप नाही. लोएब आणि सौरीराजन या दोघांनी अमेरिकेत १९६० च्या सुमारास त्यासाठी लागणारा पडदा विकसित केला. त्यांतले श्रीनिवास सौरीराजन भारतात जन्मलेले. खारं पाणी दाबाखाली त्या पडद्यातून ढकललं की पाणी पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे राहतात. ज्या इमारतीला उन्हाळ्यात खाडीलगतच्या बोअरचं मचूळ पाणी प्यावं लागतं, चहाला खारट चव येते, डाळ शिजत नाही, तिथे आरओला पर्याय नाही. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत किनाऱ्याच्या आणि मिठागरांच्या आसपास राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. पण ज्या घरात धरणाचं प्रक्रिया केलेलं पाणी येतं आणि त्याचा टीडीएस आधीच १०० च्या आसपास आहे, तिथे हेच यंत्र नको असलेलं काम करतं आणि त्यासाठी एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतं. टँकरला पैसे मोजणाऱ्या सोसायटीत हा हिशोब कोणी मांडत नाही. दिवसाला २० लिटर पिण्या-स्वयंपाकाला लागणाऱ्या घरातून ४० ते ६० लिटर गटारात जातं. शंभर घरांची इमारत धरली तर रोज चार ते सहा हजार लिटर, म्हणजे टँकरचा चांगलाच मोठा भाग.

राष्ट्रीय हरित लवादाने २० मे २०१९ रोजी यावर बोट ठेवलं. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओला मनाई करावी आणि पाण्याची नासाडी कमी करावी, असा त्याचा रोख होता. त्याचं पुढे काय झालं? व्हॉट्सॲपवर संदेश फिरू लागले की आरओवर बंदी आली, हे पाणी विष आहे, परदेशांत ते कधीच बंद झालंय. कमी क्षारांचं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने काय होतं हा अभ्यासाचा खरा विषय आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर लेख प्रसिद्ध केले आहेत. पण आपल्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुख्यतः अन्नातून मिळतं, आणि विष वगैरे म्हणायला काही आधार नाही. यंत्र विकणाऱ्याची अतिशयोक्ती आणि यंत्राविरुद्धची अतिशयोक्ती दोन्ही एकाच जागी चुकतात. 'तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं?' हे दोघंही विचारत नाहीत.

बाकीच्या दाव्यांवरून मी भराभर पुढे जातो, कारण आतल्या प्रकरणांत ते नीट घेतले आहेत. अल्कलाइन पाणी रक्तातली आम्लता कमी करतं म्हणतात. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ मध्ये राखायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात, आणि पाणी आधी जठरातल्या तीव्र आम्लात पडतं. टाकीच्या पाइपला चुंबक लावून पाणी मऊ होतं असं सांगून सोसायट्यांना मोठमोठी कोटेशनं दिली जातात; कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खरोखर काढणारा सॉफ्टनर वेगळा असतो, त्यात रेझिन असतं आणि ते मिठाच्या पाण्याने वेळोवेळी धुवावं लागतं. चुंबकानंतर साबणाला फेस जास्त येतो का, एवढी परीक्षा कमिटीने घेतली तरी निकाल लागतो. 'आयएसओ प्रमाणित' ही पाटी बहुतेक वेळा कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळालेली असते. यंत्राच्या कामगिरीचं मानक निराळं आहे, घरगुती आरओसाठी आयएस १६२४०. पाटी पाहून थांबू नये, क्रमांक वाचावा.

एका आकड्यापाशी मात्र थांबायला हवं. '९९.९ टक्के जंतूंचा नाश.' ऐकायला हे जवळपास शंभर टक्के वाटतं. पाण्यात दहा लाख जिवाणू असतील तर ९९.९ टक्के मेल्यावर एक हजार उरतात. म्हणूनच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८७ साली अशा यंत्रांसाठी जी कसोटी मांडली, तिच्यात जिवाणूंसाठी ९९.९९९९ टक्के आणि विषाणूंसाठी ९९.९९ टक्के अशी अट घातली. नऊच्या पुढे किती नऊ आहेत ते मोजायचं. आणि ते नऊ नव्या कार्ट्रिजवर मिळालेत की वर्षभर वापरलेल्या, हेही विचारायचं. अतिनील दिव्याचा प्रकाश जंतूंच्या डीएनएवर घाव घालतो, पण दिवा जुना झाला किंवा पाणी गढूळ असलं की तो घाव हलका पडतो. दिवा पेटलेला दिसतो म्हणजे तो पुरेसं काम करतोय असं नाही.

दावे तपासायची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत आणते आहे. २००८ साली जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची जी चाचणी घेतली, ती मला या पुस्तिकेच्या फार जवळची वाटते. निम्म्या पत्रिका हुशार विद्यार्थ्यांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. पत्रिका कोणाची हे ज्योतिषांना माहीत नव्हतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरं दिली. बरोबर आलेल्या उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के होतं, नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं. यात नारळीकरांनी कोणाचा अपमान केला नाही की कोणावर आरोप केला नाही. त्यांनी फक्त उत्तर आधीच कळण्याची सोय काढून घेतली. आपल्याकडेही हे करता येतं. तीन ग्लासांना खालून खुणा करा, एकात नळाचं उकळून गार केलेलं, एकात यंत्रातलं, एकात बाटलीतलं पाणी, आणि 'आमच्या पाण्याची चवच वेगळी' म्हणणाऱ्याला ओळखायला सांगा.

या सगळ्यात स्वस्त आणि खऱ्या उपयोगाच्या गोष्टी झाकोळल्या जातात याची मला अधिक खंत आहे. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून गाळणी बनवण्याचं काम झालं. २००९ साली बाजारात आलेल्या 'टाटा स्वच्छ'चा पाया तोच. वीज नको, वाहतं पाणी नको. ते क्षार काढण्यासाठी नव्हतं, जंतूंसाठी होतं, आणि आपल्याकडे माणसं आजारी पडतात ती बहुतांशी जंतूंनीच. पाण्याला खळखळून उकळी आणून मिनिटभर ठेवणं आजही घरातला सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ग्रामपंचायतींत ओटी टेस्ट करणारा कर्मचारी नळीत थेंब टाकून पाणी पिवळं होतंय का बघतो, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे का ते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली शोधलेली एच-टू-एस बाटली तर कोणालाही वापरता येते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबदार जागी ठेवायचं, एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. ती बाटली ओट्यावर दोन दिवस राहू द्यायची तयारी मात्र हवी.

ती काळी झालीच तर दोष शोधायला स्वयंपाकघरातून खाली उतरावं लागतं. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, आत दाब उरत नाही, आणि कुठे सांधा गळत असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात विरार-नालासोपाऱ्याच्या सखल भागांत रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, तेव्हा ते बाहेरचं पाणी कसलं असतं हे सांगायला नको. तळटाकीचं झाकण जमिनीलगत असेल तर तेच पाणी वरून टाकीत शिरतं. प्रत्येक घराने हजारो रुपयांचं यंत्र बसवलेलं असतं, त्याची एएमसी वेळेवर भरली जाते, आणि सगळ्यांची मिळून जी टाकी आहे ती शेवटची कधी धुतली हे सर्वसाधारण सभेत कोणालाच आठवत नाही. पुस्तिकेतलं टाकीचं प्रकरण लांबलं आहे अशी तक्रार येईल. मला ते याहून लांब चाललं असतं.

अजून एक गोष्ट इथल्या वाचकाने ध्यानात घ्यावी. एमएमआरडीएच्या रोज ४०३ दशलक्ष लिटरच्या सूर्या योजनेतला १८५ दशलक्ष लिटरचा वाटा वसई-विरारसाठी आहे आणि २०२३ च्या अखेरीपासून ते पाणी इकडे यायला लागलं. ज्या इमारतींनी बोअर आणि टँकरच्या खाऱ्या पाण्यासाठी आरओ बसवला, त्यांच्यातल्या अनेकांच्या टाकीत आज धरणाच्या पाण्याचा वाटा वाढला असेल. काहींच्या टाकीत मे महिन्यात तो पुन्हा घटत असेल. यंत्र घेतलं तेव्हाचं पाणी आज नळाला असेलच असं नाही. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी जे कोरे तक्ते दिलेत ते भरले जावेत अशी माझी इच्छा आहे. नमुना कुठून घेतला, तळटाकीतून की घरच्या नळातून, त्या दिवशी टँकर आला होता का, तारीख काय, प्रयोगशाळेने क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि ई-कोलाय काय दाखवले. एकदा उन्हाळ्यात, एकदा भर पावसाळ्यात. तक्त्याची एक प्रत जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर लावावी, म्हणजे दारात येणाऱ्या विक्रेत्यालाही ती वाचता येईल.